परतणे आणि पूर्ववत् होणे

द्रव्याच्या अभ्यासाचा आरंभ वर्गीकरणाने होतो. मूलद्रव्य, संयुग व मिश्रण हे वर्ग पाठ झाले की विद्यार्थ्यास बदलांचे दोन प्रकार सांगण्यात येतात. पाण्याचे बर्फ होणे हा भौतिक बदल, लाकूड जळणे हा रासायनिक. पहिला उलटविता येतो, दुसरा येत नाही, अशी सोपी खूणही सोबत दिली जाते. ही खूण सोयीची असली तरी सर्वत्र खरी ठरत नाही. मोरचुदाचा निळा खडा तापविला की त्यातील पाणी निघून जाऊन तो पांढरा पडतो. वर थोडे पाणी टाकताच पुनः निळा होतो. बदल रासायनिक, तरी उलटला. म्हणून ‘परतला काय?’ एवढ्याने भागत नाही. ‘मध्यंतरी तो पदार्थ तोच राहिला काय?’ हे विचारावे लागते. हा भेद केवळ प्रयोगशाळेपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही.

उसाचेच उदाहरण घेऊ. उसाचा रस हे मिश्रण होय. तो बेताने आटविला तर पाणी उडून जाते आणि साखर साखरच राहते. परंतु तोडलेला ऊस पडून राहिला, तर तीच साखर पाण्याशी संयोग पावून द्राक्षशर्करा व फलशर्करा यांत विभागली जाते. साखरेचे ३४२ भार व पाण्याचे १८ भार मिळून ३६० भार होतात. तराजूच्या मते काहीच नष्ट झाले नाही; परंतु दाणा धरणारी साखर तेवढी गेली. ह्याचसाठी तोडलेला ऊस शक्य तितक्या लवकर गाळावा लागतो, कारखान्याचा रसायनज्ञ साखरेचा उतारा टक्क्याच्या अंशापर्यंत मोजतो, आणि तोडणाऱ्यास रात्र-दिवस पाहून चालत नाही.

हे तोडणारे हात पुष्कळसे बीड जिल्ह्याचे. आष्टी, पाटोदा, केज, धारूर इकडील कोरडवाहू गावांतून हजारो कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यास दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणण्याची रीत आहे. माणसांस हत्याराचे नाव देणारे हे वर्गीकरणही विचार करण्याजोगे आहे. खाडा पडला तर मजुरी बुडते, वर दंडही बसतो. दर वर्षीचे हे जाणे-येणे पाहणाऱ्यास पाण्याची वाफ व वाफेचे पाणी व्हावे तसे वाटते. गाव तेच, माणसेही तीच.

पण ती खरोखर तीच असतात काय? २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे ह्या जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे सहांत एकीचे, गर्भाशय काढलेले आढळले. काहींस आजार असेल, काहींस कर्करोगाची भीती घातली गेली असेल. तथापि पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, हेही कारण पुढे आले. ह्या स्त्रिया गावी परतल्या. पूर्ववत् झाल्या नाहीत.

कोणी म्हणेल, त्या स्वेच्छेने गेल्या होत्या. परंतु उचल घेतलेल्याची इच्छा आगाऊच खर्ची पडलेली असते. शिवाय संमतीने घडला म्हणून बदलाचा प्रकार पालटत नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, उसातील साखरेचा बदल ज्या समाजास तासांच्या हिशेबाने कळतो, त्यास तोडणारणीच्या देहातील बदल कळत नव्हता, ही सबब चालणार नाही. एक मोजावयाचा व दुसरा मोजावयाचा नाही, असे त्याने ठरविलेले असते. उलटणाऱ्या हानीस भरपाई पुरते. न उलटणारी हानी घडूच न देणे एवढाच न्याय उरतो. म्हणून दंडावाचूनची विश्रांती आणि फडाजवळचा दवाखाना ही दयेची बाब नसून साखरेच्या उत्पादनखर्चातलीच एक बाब होय, आणि ती तेथेच मांडली गेली पाहिजे.