पाप, गुन्हा आणि सोबतीची वाट

पाप आणि गुन्हा हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकाच दमात उच्चारतो. वस्तुतः पापाचा निवाडा परमेश्वरासमोर होतो, गुन्ह्याचा न्यायालयात. संत थॉमस अक्विनास ह्यांनी तेराव्या शतकातच प्रतिपादिले की, मानवी कायद्याने प्रत्येक दुर्गुणावर बंदी घालू नये. ज्यांमुळे इतरांना इजा पोहोचते आणि ज्यांना आवर घातल्यावाचून समाज टिकणार नाही, मुख्यत्वे त्यांनाच रोखावे. समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा विचार करताना हा भेद ध्यानी ठेवला, तर भिन्न मतांची माणसेही काही अंतर सोबत चालू शकतील, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडचा इतिहास ह्याची साक्ष देतो. तेथील सरकारने १९५४ साली सर जॉन वुल्फेंडन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कार्डिनल बर्नार्ड ग्रिफिन ह्यांनी नियुक्त केलेल्या कॅथॉलिक सल्लागार समितीने तिला कळविले की, प्रौढ पुरुषांचे परस्परसंमतीचे खासगी वर्तन नीतीला धरून नसले, तरी तो कायद्याने गुन्हा ठरू नये. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाची शिफारसही तीच होती. पुढे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्झी ह्यांनी ह्या बदलाला पाठिंबा दिला. ह्यांपैकी कोणीही आपली नीतिविषयक शिकवण सोडली नव्हती. तरीही कायदा बदलण्यास १९६७ साल उजाडले, तेही इंग्लंड व वेल्सपुरते.

त्याच इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात आपल्याला दिलेले कलम ३७७ स्वातंत्र्यानंतरही टिकून राहिले. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे वर्तन त्यातून वगळले. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्या वेळी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस ह्यांनी स्पष्ट केले की, ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाला विरोध करते, परंतु समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानीत नाही. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच हा डाग पुसला.

ह्या वाटचालीवर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. काही श्रद्धावंत म्हणतात, एक पाऊल टाकले की दुसरे टाकावेच लागते. इंग्लंडमध्ये २०१३ साली समलिंगी विवाहाचा कायदा झालाच ना? झाला, हे खरे. परंतु उद्याच्या मागणीच्या भीतीने आजचा अन्याय न्याय्य ठरत नाही. प्रत्येक पाऊल त्याच्या गुणदोषांवरच तोलले पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सबुरीचा उपदेश करणाऱ्याला स्वतःला कुठे थांबावे लागते? २०१३ ते २०१८ ही पाच वर्षे कोणाच्या तरी तारुण्यातून वजा झाली. म्हणून सावकाश चालणे क्षम्य आहे. चालण्याच्या नावाखाली बसून राहणे क्षम्य नाही.

पुढचे पाऊल कोणते? ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही. तथापि २०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील मानावे आणि संयुक्त बँक खाते उघडण्यास त्यांना आडकाठी नाही. दोघांचे धान्य एका शिधापत्रिकेवर आल्याने विवाह-संस्काराचे पावित्र्य उणावते काय? आमच्या मते मुळीच नाही. अशा सोयींना आपण निःशंकपणे पाठिंबा द्यावा.

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने ह्या व्यक्तींना आदराने, करुणेने व संवेदनशीलतेने स्वीकारण्यास आणि अन्याय्य भेदभाव टाळण्यास सांगितले आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२३ साली समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. ही शिकवण राजधानीतील कायद्यांइतकीच आपल्या घरांनाही लागू आहे. एखादा मुलगा वा मुलगी आईवडिलांना आपले सत्य सांगण्यास वर्षानुवर्षे कचरत असेल, तर त्या घरात कलम ३७७ अजून रद्द झालेले नाही. ते रद्द करण्यास न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. जेवणाच्या टेबलावर होणारी कुचेष्टा थांबविणे आणि लेकराचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढे पाऊल तर आपण सर्वांना आजच टाकता येईल.