ऐंशी टक्क्यांची मर्यादा

गेल्या दिवाळीत नातवाने माझ्या मोबाइलमध्ये एक मर्यादा घालून दिली. बॅटरी ऐंशी टक्के भरली की चार्जिंग आपोआप थांबते. "आजोबा, अशानं बॅटरी जास्त वर्षं टिकते," एवढेच त्याचे समर्थन. मला ते तत्काळ पटले. पोट भरून काटकसर करण्याची आमच्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आईचा शालू ठेवणीतला म्हणून पेटीतच राहिला. तिच्या पश्चात उघडला तेव्हा घडीघडीवर विरलेला होता.

नियमामागील शास्त्र खरे आहे. १९९१ मध्ये बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की तिच्या घटाचा विद्युद्दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. त्या ताणाखाली आतील द्रावण लवकर बिघडते आणि उष्णता त्यात भर घालते. गंमत अशी, की जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण उतरवाव्यात असे सांगत. आजच्या बॅटरीला तीच सवय बाधते. संयमाचे नियमही वस्तूगणिक बदलतात तर!

मिताहार सांगताना हठप्रदीपिकेने पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवायला सांगितले आहे, आणि वाग्भटाने ती जागा वायूसाठी राखली. ते रितेपण कशासाठी, हे तेथे ठाऊक असते. माझे वीस टक्के कशासाठी होते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नाही.

चैत्रात दादा रुग्णालयात होता. रात्री मी त्याच्यापाशी बसलो होतो. दिवसभर नातेवाइकांचे फोन झालेले आणि चार्जर घरी राहिलेला. दोनच्या सुमारास दादा जागा झाला आणि परदेशी असलेल्या लेकीशी बोलावेसे वाटते म्हणाला. मोबाइल हातात घेतला तो बंद पडलेला. तिचा क्रमांक मला तोंडपाठ नव्हता. "राहू दे, सकाळी बोलू," दादा म्हणाला. सकाळी त्याला शुद्ध नव्हती. न भरलेल्या त्या वीस टक्क्यांत दहा मिनिटांचे बोलणे सहज झाले असते.

घरी येताच मी मर्यादा काढून टाकली. तेराव्यानंतर नातवाला हे सांगितले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आजोबा, पण बॅटरीतलं कोबाल्ट बहुतेक काँगोतून येतं. तिथं लहान मुलंही हातानं खणतात." म्हणजे बॅटरी वर्षभर अधिक टिकली, तर तेवढा काळ नवीचे खोदकाम टळते. माझी काटकसर आणि त्याची काटकसर बाहेरून सारखीच दिसते. माझी मात्र पेटीतल्या शालूच्या जातीची होती. न वापरता कपाटात ठेवलेली बॅटरीही हळूहळू म्हातारी होतेच, हे त्यानेच मला नंतर सांगितले.

मी मर्यादा पुन्हा घातली आहे. प्रवासाला निघताना किंवा कोणाच्या उशाशी बसायचे असताना ती उठवतो. नातू म्हणतो, अधूनमधून पूर्ण भरल्याने काही बिघडत नाही. हे एक वाक्य त्याने दिवाळीतच सांगितले असते तर, असे मनात येते. पण मीही विचारले नव्हते.

पुतणी वर्षश्राद्धाला यायची आहे. "काका, त्या रात्री बाबा काही म्हणाले का हो?" असे तिने फोनवर दोनदा विचारले. तुझी आठवण काढली, एवढे मी सांगितले आहे. मोबाइल बंद होता, हे अजून सांगितलेले नाही.