साथ, संसर्ग आणि मूल्य

(१)

मराठीत ‘साथ’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. गायकाला तबल्याची साथ मिळते, अडचणीत शेजाऱ्याची साथ मिळते. आणि गावात पटकीची साथ येते. ‘संसर्ग’ या तत्सम शब्दातही संबंध, सहवास हा अर्थ आहे, आणि रोगाच्या संक्रमणाचा अर्थ त्याच्याच आधाराने उभा आहे. ‘लागण’ उसाची होते आणि तापाचीही होते. व्युत्पत्तीचा तपशील काहीही असो, मराठी भाषकाच्या जाणिवेत माणसांचे एकत्र असणे आणि रोगाचे पसरणे ही एकाच शब्दकुळात नांदतात. याउलट ‘बिल’, ‘पॅकेज’, ‘डिपॉझिट’ हे रुग्णालयाच्या खिडकीवरचे शब्द नेहमी एकाच माणसाला उद्देशून असतात. रोग चारचौघांतून येतो. पावती मात्र एकाच्याच नावाने फाडली जाते.

२०२० आणि २०२१ या वर्षांत कोविड-१९च्या साथीत उपचारखर्चाविषयी जो सार्वजनिक वाद झाला, त्याच्या मुळाशी ही विसंगती होती. वरवर पाहता तो दरांचा वाद होता. प्रत्यक्षात त्यात एक नैतिक प्रश्न गुंतलेला होता : संसर्गजन्य रोगाच्या उपचाराचा खर्च कोणी सोसावा, आणि कोणत्या कारणासाठी सोसावा? प्रश्नाच्या पूर्वार्धावर भरपूर बोलले गेले. उत्तरार्ध मात्र बहुतांशी गृहीत धरला गेला, आणि तोच अधिक अवघड आहे.

(२)

प्रथम चाचणीचे उदाहरण घेता येईल. मार्च २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळांतील चाचणीसाठी ४५०० रुपये ही कमाल मर्यादा ठरवण्यात आली. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीवरील मजुरीचा दर दिवसाला २३८ रुपये होता. म्हणजे एका चाचणीची किंमत सुमारे एकोणीस दिवसांच्या मजुरीइतकी होती. ८ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी प्रयोगशाळांनीही ही चाचणी मोफत करावी असा आदेश दिला. अवघ्या पाच दिवसांनी, १३ एप्रिलला, त्यात बदल होऊन ही सवलत आयुष्मान भारत योजनेस पात्र असलेल्यांपुरती आणि सरकारने अधिसूचित केलेल्या दुर्बल घटकांपुरती सीमित झाली. महाराष्ट्रात हा दर जून २०२० मध्ये २२०० रुपयांवर, तर मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांवर आला.

या घडामोडीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास ती पुरवठा वाढल्यामुळे किंमत उतरल्याची साधी कहाणी ठरते. नैतिक दृष्टीने तिच्यात आणखी काही दडलेले आहे. ज्याला चाचणी परवडत नाही तो माणूस आजारी असूनही अनिश्चित राहतो. अनिश्चित राहिल्याने तो कामावर जातो आणि त्याचा संसर्ग दुसऱ्यापर्यंत पोचतो. येथे किंमत ही रोगाच्या बाहेर राहून त्याचा हिशेब मांडणारी गोष्ट उरत नाही; थुंकीचे तुषार किंवा बंद खोलीतील हवा यांच्याप्रमाणे तीही संक्रमणाची एक वाट होते. खरेदीदार आणि विक्रेता यांच्यापुरता व्यवहार मर्यादित असतो हे बाजाराचे गृहीतक संसर्गजन्य रोगात मुळातच कोसळते, कारण या व्यवहारात न झालेल्या खरेदीचा परिणाम तिऱ्हाइताला भोगावा लागतो.

लसीच्या बाबतीतही हेच दिसले. एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात तयार होणाऱ्या कोविशील्ड लसीला तीन दर लागू झाले : केंद्र सरकारला १५० रुपये, राज्यांना ४०० रुपये (काही दिवसांत तो ३०० करण्यात आला) आणि खाजगी रुग्णालयांना ६०० रुपये. कुपी एकच, तिने रोखायचा विषाणूही एकच. किंमत मात्र कोण विकत घेतो यावर ठरली. जून २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना मोफत लस देण्याचा निर्णय घेतल्यावर राज्यांचा दर बाद झाला, तरी खाजगी रुग्णालयांचा वेगळा दर कायम राहिला.

(३)

रुग्णालयांच्या दरांचा वाद याहून गुंतागुंतीचा होता. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर ठरवून दिले : साध्या विभागात दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता विभागात ७५०० आणि व्हेंटिलेटरसह ९००० रुपये. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालये आपले दर आकारू शकत होती. याच सुमारास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व रहिवाशांना खुली करण्यात आली.

या निर्णयाभोवतीची चर्चा ज्या भाषेत झाली ती साहित्याच्या अभ्यासकाला परिचित आहे. ती अतिनाट्याची भाषा होती. सकाळी ज्यांना ‘देवदूत’ म्हटले जाई, तेच संध्याकाळी ‘लुटारू’ ठरत. अतिनाट्याला खलपुरुष लागतो आणि तो सापडला की प्रेक्षकाचे समाधान होते. परिस्थितीची रचना तशीच राहते. खाजगी रुग्णालयांचा युक्तिवाद नीट ऐकला तर त्यात तथ्य आढळते. नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या होत्या, संरक्षक पोशाखांचा खर्च वाढला होता, कर्मचारी आजारी पडत होते. आणि ज्या शासनाने दर बांधून दिले, त्यानेच आपल्या रुग्णालयांकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१८-१९ मध्ये भारतातील एकूण सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.२८ टक्के होता आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ४८.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. जे उभारले नाही ते संकटाच्या रात्री दुसऱ्याकडून मागून घ्यावे लागले. हे मागणे न्याय्य असेलही, पण त्यामुळे मागणाऱ्याचा जुना दोष धुऊन निघत नाही.

तथापि या युक्तिवादाने बिल भरणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा ही इतर वस्तूंसारखी नाही, कारण आपल्याला काय हवे आहे हे रुग्णाला ठाऊक नसते आणि विक्रेत्याच्या ज्ञानावर त्याला विश्वास टाकावा लागतो. साथीत ही असहायता दुणावते : नातेवाइकांना आत प्रवेश नसतो आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची सोय नसते.

सूझन सोंटॅग यांनी आजाराभोवतीच्या रूपकांची, विशेषतः लष्करी रूपकांची, चिकित्सा केली होती. कोविडच्या काळात ‘युद्ध’ आणि ‘योद्धे’ ही रूपके सर्रास वापरली गेली. पण ती सोयीपुरतीच वापरली गेली. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाच्या हाती कोणी बिल देत नाही. नागरिकांवर युद्धकाळाची शिस्त लादताना रूपक पूर्ण ताणले गेले आणि खर्चाचा विषय निघताच ते गुंडाळून ठेवले गेले.

(४)

या वादात शासनाने ज्या कायद्यांचा आधार घेतला त्यांपैकी एक १८९७ चा साथरोग कायदा होता. मुंबईत १८९६ मध्ये उद्भवलेल्या प्लेगच्या पार्श्वभूमीवर तो झाला आणि त्याच वर्षी रँडच्या हाताखालील प्लेग समितीने पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या व सक्तीचे विलगीकरण केले. त्या जुलमाची आणि २२ जून १८९७ च्या घटनेची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. कायद्यातील एका तरतुदीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. उपाययोजनांचा खर्च कोणत्या रीतीने आणि कोणी सोसावा हे सरकारला ठरवता येईल, असे त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले आहे. म्हणजे प्रश्न त्या कायद्याला ठाऊक होता. त्याने त्याचे उत्तर मात्र दिले नाही. ते शासनाच्या मर्जीवर सोपवले. आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा आणि अंमलदाराला संरक्षण, यांची तरतूद त्यात आहे. रुग्णाला काही देणे लागते असे त्यात कोठेही नाही.

त्याच वर्षी पुण्यात दुसरे एक उत्तर दिले गेले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या; त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेचे केवळ त्याग म्हणून गौरवीकरण केल्यास तिचा आशय उणावतो. कायदा रुग्णाकडे संसर्गाचे उगमस्थान म्हणून पाहत होता. सावित्रीबाईंच्या कृतीत रुग्ण हा प्रथम रुग्ण होता. तो इतरांना धोका आहे किंवा नाही यावर त्याचा शुश्रूषेचा हक्क अवलंबून नव्हता.

(५)

येथे निबंधाच्या आरंभीच्या प्रश्नाचा उत्तरार्ध पुन्हा समोर येतो. गरिबाच्या उपचाराचा खर्च समाजाने सोसावा, कारण अन्यथा त्याचा रोग सर्वांना होईल, हा युक्तिवाद प्रभावी आहे. वर चाचणीच्या संदर्भात त्याचेच विवेचन केले आहे. पण तो पुरेसा नाही, आणि एका मर्यादेपलीकडे तो घातक आहे. या युक्तिवादात दुसऱ्याचे आरोग्य हे स्वतःच्या आरोग्याचे साधन असते. भय ओसरले की कर्तव्यही ओसरते.

हे केवळ तार्किक भाकीत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविडेतर रुग्णांसाठी खाजगी रुग्णालयांचे दर ठरवण्याचा अधिकार शासनाला नाही, असा निर्णय दिला. उपलब्ध कायद्यांच्या चौकटीत तो निर्णय समजण्याजोगा आहे. नैतिक दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ मात्र अस्वस्थ करणारा आहे. दोन शेजारच्या खाटांवर दोन माणसे आहेत. एकाचा रोग दुसऱ्यांना होऊ शकतो म्हणून त्याच्या बिलाला मर्यादा आहे. दुसऱ्याचे मूत्रपिंड निकामी झाले आहे, त्याच्यापासून कोणालाच भय नाही, म्हणून त्याच्या बिलाला मर्यादा नाही. निरुपद्रवी असणे हे येथे महाग पडते.

क्षयरोगाचे उदाहरण याहून बोलके आहे. तोही हवेतून पसरतो. जगातील क्षयरुग्णांपैकी चतुर्थांशाहून अधिक भारतात आहेत. त्यासाठी मोफत औषधांचा सरकारी कार्यक्रमही आहे. तरीही क्षयरोगाने वर्तमानपत्रांची पहिली पाने कधी इतकी व्यापली नाहीत, कारण दाटीच्या वस्तीतून तो सुखवस्तू घरांत तितक्या वेगाने शिरत नाही. म्हणजे संसर्गाचा युक्तिवाद हा प्रत्यक्षात संसर्गाचाही नसतो. कोणाला संसर्ग होतो यावर त्याचे बळ ठरते.

कांटने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला. ज्याच्या जागी समतुल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते. ज्याला तसा पर्याय नाही त्याला प्रतिष्ठा असते. मराठीत ‘मूल्य’ हा शब्द दोन्हींसाठी चालतो. नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर छापलेले मूल्य आणि आतील लेखात चर्चिलेले मूल्य यांत गफलत होत नाही, कारण संदर्भ भेद राखतो. रुग्णालयात हा संदर्भच डळमळीत होतो : उपचाराला किंमत असणे अटळ आहे, कारण प्राणवायू, औषध आणि परिचारिकेचे श्रम फुकट उत्पन्न होत नाहीत, पण उपचार ज्याच्यासाठी आहे त्याच्या जगण्याला किंमत लावता येत नाही. म्हणून ‘सर्व काही मोफत’ ही घोषणा प्रश्न सोडवत नाही. खर्च राहतोच. तो आजारपणाच्या क्षणी, खिडकीसमोर उभ्या असलेल्या एकट्या माणसाकडून वसूल करायचा, की सर्वांनी निरोगी असताना करांच्या रूपाने आधीच वाटून घ्यायचा, एवढाच पर्याय खऱ्या अर्थाने उपलब्ध असतो.

संविधानाच्या ४७व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्याची सुधारणा हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीच्या प्रसंगी उपचार मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. त्या प्रकरणातील शेतमजुराचा रोग संसर्गजन्य नव्हता. तो आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेला माणूस होता आणि त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. संसर्गाचे भय नसतानाही कर्तव्य उरते, हे या निर्णयात मान्य झाले आहे. २०२० च्या वादात त्याचे स्मरण क्वचितच झाले. पुढची साथ येईल तेव्हा दरपत्रके नव्याने निघतील, देवदूत आणि लुटारूही पुन्हा रंगमंचावर येतील. मधल्या काळात, कोणाला कोणाचे भय नसताना, मूत्रपिंडाच्या त्या रुग्णाचे बिल कोणी भरायचे याचा निर्णय जो समाज करणार नाही, त्याला साथीतही संसर्गाच्या भयाखेरीज दुसरे कारण सापडणार नाही.