एकास चोवीस

एकास चोवीस या प्रमाणात एक मिलिमीटरची फट खऱ्या घरातल्या चोवीस मिलिमीटरच्या फटीएवढी असते. भिंत आणि छत यांच्यात जवळजवळ इंचभर मोकळा राहिलेला फ्लॅट कोणी ताब्यात घेणार नाही. बाहुलीघराच्या संचात मात्र एक मिलिमीटर म्हणजे गोंद वाळताना पट्टीने किंचित अंग चोरलं, एवढंच. डोळा हे दोन्ही हिशेब एकदम करतो. हातातली चिमुकली खोली तो खरी समजून बघतो म्हणून तिच्यात रमतो, आणि खरी समजतो म्हणूनच त्याला फट खुपते. लहान आकाराची मोहिनी आणि लहान आकाराचा जाच एकाच ठिकाणाहून निघतात. माझा पहिला संच जोडायला घेतल्यापासून मी या ठिकाणाभोवती घुटमळते आहे. परिपूर्णतेच्या हव्यासाबद्दल आपण एरवी जे बोलतो, त्यातलं बरंचसं इथे टेबलावर ठेवून तपासता येतं असं मला वाटतं.

संचाच्या खोक्यात पातळ प्लायवुडचे तक्ते असतात, त्यांत लेझरने कापलेले असंख्य तुकडे असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. शिवाय वॉलपेपरचे छापील कागद, कापडाचे तुकडे, तारा, मणी, नखाएवढे एलईडी दिवे आणि सूचनांची पुस्तिका. कामाला क्रम आहे आणि तो कडक आहे. वॉलपेपर आधी, भिंती उभ्या करणं नंतर; दिव्याची तार आधी, तिच्यावरचं छत नंतर. गोंदाने एकदा धरलं की माघार नाही. म्हणून जाणकार सांगतात की आधी सगळं कोरडंच जुळवून बघावं, गुण्या लावून काटकोन तपासावा, लेझरने करपलेली कड पॉलिश पेपरने घासून घ्यावी. सल्ला चांगलाच आहे. पण ज्याला वाकडं काही सहन होत नाही त्याला याच सल्ल्यात लपायला जागा मिळते, कारण कोरडी जुळणी हवी तितक्या वेळा करता येते.

डेव्हिड पाय हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर-रचनेचे प्राध्यापक होते. कारागिरीवरच्या १९६८ सालच्या पुस्तकात त्यांनी कामाचे दोन प्रकार मानले. एकात निष्पत्ती आधीच ठरलेली असते; यंत्र किंवा साचा ती ठरवतो. दुसऱ्यात कामाचा दर्जा शेवटच्या क्षणापर्यंत करणाऱ्याच्या हातावर, नजरेवर आणि काळजीवर अवलंबून असतो, आणि तोवर काम केव्हाही बिघडू शकतं. पहिल्याला त्यांनी निश्चितीची कारागिरी म्हटलं, दुसऱ्याला जोखमीची. बाहुलीघराच्या संचात या दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. खुर्चीची नक्षीदार पाठ लेझरने कापलेली असते, तिच्यात खोट नसते. तीच पाठ बैठकीला सरळ चिकटवणं ही शंभर टक्के जोखीम. न उघडलेलं खोकं म्हणजे निव्वळ निश्चिती. झाकणावरच्या फोटोतलं घर तोवर तुमचंच असतं आणि त्यात काहीही चुकलेलं नसतं. गोंदाच्या पहिल्या थेंबाबरोबर घर जोखमीच्या बाजूला येतं. अनेकांचे संच कपाटात का पडून राहतात, याचं उत्तर मला आळसापेक्षा या सीमारेषेत जास्त दिसतं. उत्साह संपलेला नसतो. तो रेषेच्या अलीकडे थांबलेला असतो.

मानसशास्त्राने या थांबण्याचा बराच अभ्यास केला आहे. पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हव्यासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि इतर आपल्याकडून तशी अपेक्षा करतात असं वाटत राहणं. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली माहिती एकत्र तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण सर्वांत जास्त वाढला तो तिसरा, ३३ टक्क्यांनी. मला हा तिसरा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो. त्यातला परीक्षक अदृश्य असतो. त्याला नाव नाही, चेहरा नाही, त्याला नेमकं काय हवं आहे हे विचारता येत नाही. म्हणूनच त्याचं समाधान कधी होत नाही. संच जोडताना तोच परीक्षक खोक्यावरच्या फोटोत येऊन बसतो. घरात दुसरं कोणी नसतं, काम कोणाला दाखवायचं नसतं, तरी मान वळवून आपण त्या फोटोकडे बघत राहतो.

मोठमोठ्या बाहुलीघरांचा इतिहास वाचला तर तिथे काटेकोरपणा टोकाला गेलेला दिसतो. ॲम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन या श्रीमंत बाईंचं सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारायला घेतलेलं बाहुलीघर आहे. त्यावर झालेल्या खर्चात त्या काळी कालव्याकाठी खरं घर घेता आलं असतं. विंडसरला राणी मेरीचं बाहुलीघर आहे, एकास बारा प्रमाणातलं, १९२१ ते १९२४ या काळात बांधलेलं. त्यात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते, आणि ग्रंथालयातल्या काडेपेटीहून लहान पुस्तकांत आर्थर कॉनन डॉयलसारख्या लेखकांनी मजकूर लिहून दिलेला आहे. त्याचे वास्तुकार एडविन लुटियन्स, म्हणजे त्याच वर्षांत आपल्याकडे नवी दिल्ली बांधणारे. दिल्लीत रायसीना टेकडीवर जाणाऱ्या रस्त्याचा चढ असा धरला गेला की खालून येताना व्हाइसरॉयचं घर नजरेआड होतं. लुटियन्स यासाठी वर्षानुवर्षं भांडले, हर्बर्ट बेकर या सहकाऱ्याशी त्यांचं बिनसलं, पण चढ काही बदलला नाही. बाहुलीघराला टेकडी नव्हती, सरकार नव्हतं, सहकाऱ्याचा नकाशा नव्हता. मोठ्या कामात हात बांधले गेलेल्या माणसाला हे छोटं घर केवढं सुख देत असेल, याची कल्पना मी करू शकते. मात्र त्या घरालाही एक तारीख होती, १९२४ सालचं वेम्बलीचं प्रदर्शन, आणि ते ज्यांना भेट द्यायचं त्या बाईही ठरलेल्या होत्या.

पण या सगळ्यांत मला खरी जवळची वाटते ती फ्रान्सेस ग्लेसनर ली. १८७८ साली शिकागोच्या एका धनाढ्य कारखानदाराच्या घरात तिचा जन्म झाला. साठी ओलांडल्यावर, १९४० च्या दशकात, तिने एकास बारा प्रमाणातल्या खोल्या बनवायला घेतल्या. स्वयंपाकघरं, न्हाणीघरं, लॉजच्या खोल्या, आणि त्यांत मृतदेह. संशयास्पद मृत्यूंचा तपास पोलिसांना नीट करता येत नाही, पुरावा तुडवला जातो, हे तिच्या मनाला लागलं होतं. हार्वर्डमध्ये न्यायवैद्यकाचा विभाग तिच्याच पैशातून उभा राहिला होता, आणि तिथल्या पोलिसांच्या वर्गासाठी या खोल्या होत्या. राल्फ मोशर हा सुतार तिला लाकडी काम करून द्यायचा. बाहुल्यांचे मोजे ती स्वतः टाचण्यांवर विणायची. यांतल्या अठरा खोल्या आज बाल्टिमोरमध्ये आहेत आणि अजून प्रशिक्षणासाठी वापरल्या जातात.

टाचणीवर मोजा विणणारी बाई हव्यासाने पछाडलेली होती असं सहज म्हणता येईल. मला ते पटत नाही. तिच्या खोल्यांत सगळंच अचूक असण्याला कारण होतं. खोलीत शिरलेल्या तपास अधिकाऱ्याला कोणती वस्तू पुरावा आहे आणि कोणती नुसती वस्तू, हे आधी ठाऊक नसतं. तिने फक्त पुराव्याच्या वस्तू हुबेहूब केल्या असत्या आणि बाकी काम उरकलं असतं, तर उत्तर आपोआप फुटलं असतं. म्हणून कपाटातला डबाही गोळीच्या खुणेइतक्याच निगुतीने करावा लागला. दुसरं म्हणजे तिच्या खोल्या स्वच्छ नाहीत. कळकट भिंती, झिजलेल्या वस्तू, चुरगळलेली चादर हे सगळं तिने मुद्दाम, मेहनतीने केलं आहे. माणूस जिथे राहतो तिथे निर्दोष काही उरत नाही, आणि जे निर्दोष आहे तिथे कोणी राहिलेलं नाही, हे तपास करणाऱ्याला कळायला हवं होतं. एवढा काटेकोरपणा असूनही तिची कामं पूर्ण झाली. खोली वाचता येते आहे, एवढं झालं की ती संपली, हे तिला ठरवता येत होतं, कारण खोली कोण वाचणार हे तिला माहीत होतं.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येऊन ठेपतं. काटेकोरपणा वाईट नाही. तो कोणासाठी आहे हे हरवतं तेव्हा त्याचा हव्यास होतो. ज्याला कोणाला तरी काही दाखवायचं आहे, तो कुठे दहा पट कष्ट घ्यायचे आणि कुठे लांबी भरून पुढे जायचं हे ठरवू शकतो. हे ठरवणं हाच कसबाचा गाभा आहे. तिथे तडजोड होते असं मानणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय पूर्ण निर्दोष बाहुलीघर ही गोष्ट वस्तूंनाच मान्य नाही. कापडाचा धागा एकास चोवीस होत नाही, म्हणून छोटा पडदा चुण्या घालून झुलत नाही, पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. त्याला ओला करून, टाचण्या लावून, गोंदाने वळण द्यावं लागतं. पाण्याचा थेंब लहान व्हायला तयार नसतो, म्हणून बादलीतलं पाणी राळेचं करतात. रंगाचा एक हात दिला की त्याची जाडी दाराच्या खाचेत जाऊन बसते आणि काल सहज बसणारं दार आज अडतं. या घरातलं प्रत्येक खरं दिसणारं काम खोटं करूनच साधलेलं असतं. हे उमगल्यावर माझा फोटोवरचा विश्वास बराच कमी झाला.

आपल्याकडे दिवाळीत मुलं किल्ले करतात. दगड, विटा, पोती, माती, वर पेरलेले अळीव नाहीतर मोहरी, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. मावळा बुरुजाएवढा असतो, महाराज दरवाजाहून मोठे असतात, आणि प्रमाणाची चौकशी कोणी करत नाही. हल्ली काही मुलं नकाशे अभ्यासून राजगड, प्रतापगड माचीसकट उभे करतात, तेही बघण्यासारखे असतात. पण ओबडधोबड किल्ला असो की अभ्यासून केलेला, दोन्ही वेळेवर पुरे होतात. दिवाळी थांबत नाही, आणि शेजारपाजारचे लोक बघायला येणार हे नक्की असतं. कामाचा उत्साह माणसाच्या आत कुठेतरी साठवलेला असतो आणि तो संपतो, ही समजूत या किल्ल्यांपुढे टिकत नाही. तारीख, मातीत हात घातलेली चार पोरं आणि येणारे पाहुणे, यांतून तो रोज तयार होतो. एकट्याने, दार लावून, तारखेशिवाय जोडल्या जाणाऱ्या घरात यातलं काहीच नसतं. तिथे हुरूप ओसरला तर त्या माणसाच्या स्वभावाला बोल लावणं चुकीचं आहे.

नॉर्टन, मोचॉन आणि एरियली यांचा २०१२ मधला एक अभ्यास आहे. लोकांनी स्वतः जोडलेल्या खोक्यांना आणि स्वतः घड्या घालून केलेल्या कागदी वस्तूंना ते जास्त मोल देतात असं त्यात दिसलं; नवशिक्यांना आपली वाकडीतिकडी कागदी वस्तू जवळजवळ तज्ज्ञाच्या वस्तूइतकी मोलाची वाटली. पण काम अर्धवट राहिलं तर हा जिव्हाळा उपजत नव्हता. अर्धवट कामावर माया बसत नाही आणि माया नाही म्हणून काम अर्धवट राहतं, असा हा फेरा आहे. लहानसं का होईना, काहीतरी पुरं करणं हाच त्यातून सुटण्याचा मार्ग मला दिसतो. एक खुर्ची. एक फळी. सगळं घर डोळ्यांसमोर ठेवून कोणालाच बसता येत नाही.

मी माझ्या संचातलं स्वयंपाकघर बदलायचं ठरवलं आहे. खोक्यात युरोपीय वळणाची एक गोंडस खोली आहे, ओव्हन आणि फुलदाण्यांची. भिंती त्याच ठेवून आत वाईच्या आमच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर उभं करते आहे: चूल आणि वैल, भिंतीवरची मांडणी, फडताळ, कोपऱ्यात मोरी. याचा फोटो कुठेच छापलेला नाही, त्यामुळे मान वळवून बघायला काही उरलं नाही. परीक्षक आहे, पण तो आता माणूस आहे. माझी आत्या त्या घरात वाढली. तिला फोनवर भिंती दाखवल्या तेव्हा वॉलपेपरच्या सांध्याकडे तिने बघितलंही नाही.

"मांडणी एवढी वर नको गं," ती म्हणाली. "आजीचा हात पोचला पाहिजे. आणि मोरीचा कठडा किती उंच करणार आहेस?"

मी अंदाज सांगितला.

"छे, तेवढ्याने भागत नाही. वीतभर तरी हवा. नाहीतर आंघोळीचं पाणी थेट चुलीपाशी येतं."

खरी वीत साधारण नऊ इंचांची. एकास चोवीसात ती साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि या साडेनऊत मी अर्धा मिलिमीटरही सोडणार नाही. आत्या मे महिन्यात येणार आहे.