मर्दखयाची येरझार

(एस्तेर, अध्याय 2, वचनें 5 ते 11)



एस्तेर राणीची कथा आपण लेंकरांना शब्बाथशाळेंत सांगतों. राजवाडा, मुकुट, हामानाची दुष्ट मसलत आणि यहूदी लोकांची सुटका, हें सर्व आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या सुटकेचा उगम राजवाड्यांत नाहीं. तो एका साध्या मनुष्याच्या घरांत आहे. शूशन नगरांत मर्दखय नांवाचा यहूदी राहत होता. त्याचें घराणें स्वदेशांतून कैद करून आणिलेलें. तो स्वतःच परक्या भूमीवर उपरा. त्याच्या चुलत्याची मुलगी हदस्सा हिचे आईबाप वारले, तेव्हां त्यानें तिला घरीं आणिलें. एवढेंच नव्हे, तर आपली कन्या करून घेतलें.

पुढें तिला राजाच्या अंतःपुरांत नेण्यांत आलें. लोकव्यवहाराप्रमाणें मर्दखयाची जबाबदारी तेथें संपली होती. परंतु शास्त्र सांगतें कीं, एस्तेर कशी आहे, तिचें पुढें काय होणार, हें कळावें म्हणून तो रोजच्या रोज त्या अंतःपुराच्या अंगणापुढें येरझारा घालीत असे. ही येरझार म्हणजेच बापपण होय. मुलाला जेवूं घालणें हें बापपणाचें अर्धें काम. तें कोठेंही गेलें तरी त्याची खबर घेणारें कोणी जन्मभर असणें, हें उरलेलें अर्धें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. मायबाप गेलेल्या लेंकराचें आपल्यांत काय होतें? पहिले सहा महिने मामाकडे, सुगी होईपर्यंत काकाकडे, मग वसतिगृहांत. कोठेंही तें उपाशी राहत नाहीं, ही देवाची कृपा. पण सुटी लागते तेव्हां सगळ्या मुलांच्या पेट्या बांधल्या जातात, आणि एकाची पेटी तशीच खाटेखालीं राहते. त्याला भाकर मिळते, कपडा मिळतो, शाळा मिळते. मात्र ‘मी कोणाचा?’ ह्या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं.

कित्येक घरीं पोरक्या मुलीला ‘घेतली’ म्हणतात, आणि पहांटे सर्वांच्या आधीं तीच उठून भांडीं घासते. मुलाला ‘सांभाळला’ म्हणतात, आणि घरचीं मुलें शाळेंत जात असतां तो गुरांमागें असतो. बंधूंनो, हा आश्रय नव्हे. हें बिनपगारी गडी ठेवणें होय. दुसरे कोणी वंश चालावा म्हणून मुलगा घेतात, आणि पुढें पोटीं पुत्र झाला म्हणजे आधीं आणिलेला डोळ्यांत खुपूं लागतो.

देवानें आपणांस कसें घेतलें तें पाहा. पौल रोम व गलतीया येथील मंडळ्यांस लिहितांना आपल्या तारणाला दत्तकपणाचीच उपमा देतो. आपल्याकडे बहुधा निपुत्रिक मनुष्य दत्तक घेतो. देव निपुत्रिक नव्हता. त्याला एकुलता एक प्रिय पुत्र होता. त्यानें आपणांस घेतलें तें स्वतःची उणीव भरावी म्हणून नव्हे, तर आपली भरावी म्हणून. आपण कितीदां हट्ट केला, कितीदां घर सोडून पळालों! तरी त्यानें आपणांस टाकिलें नाहीं. ज्याला असें घर फुकट मिळालें, त्यानें दुसऱ्या लेंकराला उंबरठ्यावर तोलीत बसावें काय?

अनाथालयांविषयीं मी कृतघ्नपणें बोलत नाहीं. 1896-97 सालच्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून भुकेल्या मुली आणिल्या व केडगांवीं त्यांस आसरा दिला. 1900 सालीं गुजराथेंतूनही आणिल्या. आपल्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज अशाच दुष्काळी मुलांपैकीं होते. त्या वेळीं त्यांना परत जायला घर उरलें नव्हतें. पूर आला असतां धर्मशाळेंत राहावें. परंतु पूर ओसरल्यावर कोणी धर्मशाळेलाच घर म्हणत नाहीं. आज आपलीं घरें उभीं आहेत, चुली पेटत आहेत.

कोणी म्हणेल, ‘ख्रिस्ती मनुष्याला दत्तक घेण्याचा कायदाच नाहीं.’ एके काळीं हें खरें होतें. 1890 च्या कायद्याखालीं आपणांस केवळ पालक होतां येत असे, आईबाप होतां येत नसे. पण बाल न्याय कायद्यांत 2006 सालीं झालेल्या दुरुस्तीनें ती अडचण दूर झाली; 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही कोणत्याही धर्माच्या मनुष्यास ह्या कायद्याखालीं दत्तक घेतां येतें असें सांगितलें; आणि 2015 च्या कायद्याप्रमाणें दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. म्हणून एखाद्या दुबळ्या बाईच्या पदरांतून कागदाविना मूल उचलून आणूं नका. पैसे देऊन तर मुळींच नको, तो गुन्हा आहे आणि पापही. जिल्हा बाल संरक्षण कक्षांत जाऊन रीत समजून घ्या. वाट पाहावी लागेल; पण कागदाविना उभें केलेलें घर पहिल्याच तंट्यांत कोसळतें, आणि त्याखालीं सांपडतें तें मूल.

हेंही विसरूं नका कीं, ज्याची आई जिवंत आहे त्याला प्रथम ती आईच मिळाली पाहिजे. केवळ दारिद्र्यामुळें विधवेचें मूल तिच्यापासून तुटत असेल, तर तिच्या घरून मूल आणूं नका. तिच्या घरीं धान्य न्या. आई आजारी असेल तर ती बरी होईपर्यंत मूल सांभाळा आणि आनंदानें परत तिच्या ओटींत घाला. महाराष्ट्रांत बालसंगोपन योजनेखालीं अशा मुलांसाठीं सरकारी साह्य मिळतें. त्याचा अर्ज लिहून देणें हें उपदेशकांनीं आपलें काम समजावें. परंतु ज्याला परत जायला कोणी उरलें नाहीं, त्याला मुक्कामाची जागा नव्हे, कायमचें घर द्या.

सर्वांनाच मूल घेतां येणार नाहीं. पण येरझार घालणें सर्वांना साधेल. येत्या रविवारीं उपासनेनंतर पाळक व वडीलमंडळी ह्यांनीं गांवांतील पोरक्या लेंकरांचीं नांवें लिहावीं, आणि प्रत्येक नांवापुढें त्याची खबर घेणाऱ्या एका घराचें नांव लिहावें. जें कुटुंब मूल घेईल त्याला ‘कोणाचें आणिलें?’ असें विचारूं नये; मंडळीनें म्हणावें, ‘आमचें आहे.’ आणि त्या आईबापांनीं मुलापासून सत्य लपवूं नये. शास्त्र एस्तेरला शेवटपर्यंत अबीहाईलाची कन्या म्हणतें. त्यानें मर्दखयाचें बापपण तिळभरही कमी झालें नाहीं.

ही मुलगी एके दिवशीं आपल्या सर्व लोकांना वांचवील, हें मर्दखयाला ठाऊक नव्हतें. त्यानें तिला राणी करण्यासाठीं घेतलें नाहीं. तिला कोणी नव्हतें म्हणून घेतलें. आपणही तेवढ्याच कारणानें दार उघडूं या. पोरक्यांचा जो पिता, तो आपणांस तें धैर्य देवो. आमेन.