ऐकणारा आणि टिपणारा

संगीताच्या मैफलीस जाणाऱ्या मनुष्याकडून आपण दोनच गोष्टींची अपेक्षा करतों : त्यानें वेळेवर येऊन बसावें, आणि लक्ष देऊन ऐकावें. यापलीकडे त्याच्यावर कांहीं नैतिक जबाबदारी असेल अशी शंकाहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु हाच मनुष्य कॅमेरा घेऊन आला म्हणजे प्रश्न एकदम अवघड होतो. तो ऐकावयास आला आहे कीं घ्यावयास? आणि घेत असेल तर कोणाचें घेतो, कोणाला विचारून घेतो? जॅझ या अमेरिकन संगीताच्या चाहत्यांत कॅमेरा बाळगणारे पुष्कळ. चार मित्रांनीं मिळून प्रयोगास जावें, त्यांतील एकदोघांनीं छायाचित्रें घ्यावींत, आणि मागाहून तीं सर्वांनीं एकत्र बसून पाहावींत, हा त्यांचा जुना परिपाठ आहे. प्रस्तुत लेखकहि अशाच एका लहानशा मंडळाचा सभासद असल्यामुळें हा प्रश्न केवळ तात्त्विक म्हणून बाजूस सारण्याची सोय त्याला नाहीं.

जॅझच्या बाबतींत हा प्रश्न अधिक तीव्र कां व्हावा, हें कळण्यास त्या संगीताचा स्वभाव थोडासा ध्यानांत घेतला पाहिजे. आज पाहिलेलें नाटक उद्यां पुन्हां पाहतां येतें. शब्द तेच, प्रवेश तेच. पाश्चात्य अभिजात संगीतांतील रचनाहि बहुतेक कागदावर लिहिलेली असते. जॅझमध्यें एखाद्या परिचित गीताचा स्वरसंगतीचा सांगाडा तेवढा ठरलेला असतो. तो सांगाडा फिरफिरून येतो, आणि ज्याची पाळी असेल तो वादक त्यावर त्या क्षणीं सुचेल तें रचीत जातो. आपल्या ख्यालगायनाशीं याची तुलना करण्याचा मोह अनेकांना होतो, आणि साम्य आहेहि. पण ख्यालांत मुख्य गायक एक व बाकीचे साथीदार, असा संबंध असतो. येथें बास वाजविणारा व ड्रम वाजविणारा हेहि संभाषणांत आपल्या हक्कानें भाग घेतात, आणि एक काय बोलला यावर दुसरा काय बोलेल हें ठरतें. म्हणून कालचा प्रयोग आज होत नाहीं. एरिक डॉल्फी हा असामान्य वादक १९६४ च्या जून महिन्यांत बर्लिन येथें अवघ्या ३६ व्या वर्षीं वारला. त्याच महिन्याच्या आरंभीं हॉलंडांत मुद्रित झालेल्या त्याच्या तबकडीच्या अखेरीस त्याचे स्वतःचे चार शब्द ऐकूं येतात. संगीत वाजून संपलें कीं तें हवेंत विरून जातें, तें पुन्हां हातीं लागत नाहीं, असा त्यांचा आशय आहे. आणि हे शब्द आपणांस ऐकावयास मिळतात ते मात्र कोणीतरी ते यंत्रांत पकडून ठेवले म्हणून! या विसंगतीची मौज वाटते खरी; पण आपल्या प्रश्नाचें मूळहि मला तींतच दिसतें. जें जाणारच आहे तें सुखानें जाऊं द्यावें, असें एक मन म्हणतें. जें जाणार आहे त्याचीच कांहीं खूण ठेवावी, असें दुसरें म्हणतें.

आमच्या मंडळांतील एक वकील स्नेही पहिल्या मनाचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, छायाचित्र हें मुकें असतें. ज्या वस्तूसाठीं आपण तेथें गेलों ती वस्तु, म्हणजे स्वर, त्यांत मुळीं उतरतच नाहीं. मग उरलें काय? फुगलेले गाल, घामेजलेलें कपाळ, आणि 'मी तेथें होतों' असा आपला आपणच दिलेला दाखला. एवढ्यासाठीं मनुष्य तासभर एक डोळा मिटून बसतो, आणि कोणता आविर्भाव चांगला दिसेल याची वाट पाहतां पाहतां ऐकावयाचेंच विसरतो. वकीलसाहेबांच्या मतें हा निव्वळ लोभ आहे, आणि सुशिक्षितांचा लोभ असल्यामुळें तो अधिकच फसवा आहे.

या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणवत नाहीं. तथापि अवधान सुटण्याचा सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. न्यूयॉर्क शहरांत व्हिलेज व्हॅनगार्ड नांवाचा एक तळघरांतला क्लब १९३५ पासून चालत आला आहे. तेथें रविवार, २५ जून १९६१ रोजीं पियानोवादक बिल एव्हान्स, बासवादक स्कॉट लाफारो व ड्रमवादक पॉल मोशन यांनीं दुपारपासून रात्रीपर्यंत पांच वेळां वादन केलें, आणि तें मुद्रित करण्यांत आलें. तीन माणसांनीं एकच विचार करावा असें तें नाजूक वादन आहे. पण त्या मुद्रणांत आणखीहि कांहीं ऐकूं येतें : पेल्यांचा किणकिणाट, गप्पांची कुजबूज, मधूनच कोणाचें तरी हंसणें. त्यानंतर ११ व्या दिवशीं, ६ जुलै रोजीं, लाफारो मोटारीच्या अपघातांत २५ व्या वर्षीं गेला, आणि तें त्रिकूट पुन्हां जमणें शक्य राहिलें नाहीं. त्या हंसणाऱ्यांच्या लक्षाला कांहीं कॅमेऱ्यानें पळविलें नव्हतें. ते समोर बसले होते, आणि तरीहि तेथें नव्हते. साठ वर्षांनंतर हजारों मैलांवर दिवा मंद करून ती तबकडी ऐकत बसणारा कोणी त्यांच्यापेक्षां अधिक तेथें असतो. अर्थात् त्यांच्यावर रागावण्यांतहि हंशील नाहीं. पुढें काय होणार हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि पेयाचे पैसे त्यांनीं दिलेले होते.

उलट, चांगलें चित्र घेणाऱ्याला ऐकण्यावांचून गत्यंतरच नसतें. सॅक्सोफोन वाजविणारा आपलें वाक्य पुरें करून श्वासासाठीं ओठ सोडतो, तेव्हां त्याचा चेहरा निमिषभर मोकळा होतो. बासवाला आपली पाळी येण्यापूर्वीं ड्रमवाल्याकडे एकदां पाहतो. या गोष्टी केव्हां घडणार हें डोळ्यांना आधीं कळत नाहीं, कानांना कळतें. जो ऐकत नाहीं त्याच्या चित्रांत वाद्य असतें, मनुष्य असतो, वादन नसतें.

तेव्हां टिपणाऱ्याच्या स्वतःच्या अवधानाची चिंता त्याची त्यानें करावी. मला खरी चिंता वाटते ती त्याच्या शेजाऱ्याची. एखादें संथ गीत चाललें आहे, ड्रमवाला काठ्या ठेवून तारेच्या कुंच्यांनीं चामडें नुसतें कुरवाळीत आहे, आणि अशा वेळीं कॅमेऱ्यांतील आरसा 'खट्' करून उठतो. तो आवाज लहान असतो, पण त्या शांततेंत तो खोलींतील प्रत्येकाच्या मालकीच्या वस्तूवर उमटलेला ओरखडा असतो. हल्लींच्या खिशांतल्या दूरध्वनीला 'खट्' नसला तरी उजेड आहे, आणि तो डोक्याच्या वर धरण्याची त्याच्या मालकाला हौस आहे. व्हॅनगार्डमध्यें वादन चालू असतां छायाचित्र घेऊं देत नाहींत, तें याचमुळें. इटलींतील पेरुज्या येथील उम्ब्रिया जॅझ महोत्सवांत २००७ सालीं पियानोवादक कीथ जॅरेट यानें कॅमेरेवाल्यांना व्यासपीठावरूनच शिव्या हासडल्या. चालकांनीं त्याला पुन्हां बोलवावयाचें नाहीं असें ठरविलें. तरीहि २०१३ सालीं तो आला. आणि पुन्हां कोणीतरी चित्र घेतलें, तेव्हां दिवे मालवून अंधारांत वाजवूं लागला. एकाच्या अपराधासाठीं सर्व श्रोत्यांना अंधारांत बसविणें मला उद्दामपणाचें वाटतें. पण त्याची भाषा सोडून दिली तर त्याचें गाऱ्हाणें खोटें नव्हतें : ज्या श्रोत्यांनीं आपल्याबरोबर ऐकावें त्यांतील कांहीं जण आपणांस नुसते गोळा करीत आहेत, ही जाणीव वादकाच्या बोटांपर्यंत पोंचते.

आतां ज्यांच्या चित्रांमुळें जॅझचें रूप जगाच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें, त्यांनीं हा पेंच कसा सोडविला तें पाहण्यासारखें आहे. हर्मन लेनर्ड याचें १९४८ सालचें डेक्स्टर गॉर्डनचें चित्र, मांडीवर सॅक्सोफोन आणि वर चढत जाणारा धुराचा लोट, पुष्कळांनीं पाहिलें असेल. लेनर्डजवळ पैसे नव्हते. तो क्लबांच्या मालकांना व वादकांना आपल्या चित्रांच्या प्रती देई, आणि त्याच्या बदल्यांत आंत येण्याची मोकळीक मिळवी. विल्यम गॉटलिब हा मूळचा लेखक. त्याच्या लेखांसाठीं छायाचित्रकाराला पैसे देण्यास वर्तमानपत्र तयार नव्हतें, म्हणून तो स्वतःच कॅमेरा शिकला. फ्लॅशचे बल्ब महाग, तेव्हां एका रात्रींत मोजकींच चित्रें घ्यावयाचीं. त्यामुळें कोणतें घ्यावयाचें हें आधीं ऐकून ठरवावें लागे. बिली हॉलिडेचें त्यानें घेतलेलें १९४७ चें चित्र, ज्यांत गातांना तिचा गळा ताणलेला आहे आणि डोळे जवळजवळ मिटलेले आहेत, तें या काटकसरीचें फळ. त्याच वर्षीं ती तुरुंगांत गेली. गॉटलिबच्या इच्छेप्रमाणें २०१० सालीं त्याचीं सर्व चित्रें कोणाचीहि मालकी नसलेलीं अशीं जाहीर झालीं. या दोघांच्याहि वागण्यांत मला एक देणें फेडण्याची बुद्धि दिसते, आणि घेण्याचा अधिकार तेथूनच उत्पन्न होतो असें माझें मत आहे. तिकीट काढल्यानें ऐकण्याचा अधिकार मिळतो. दुसऱ्याचा चेहरा घरीं नेण्याचा मिळत नाहीं.

या विचाराची खरी कसोटी मिल्ट हिंटन याच्याजवळ लागते. हा बासवादक १९३६ पासून कॅब कॅलोवेच्या ताफ्यांत होता, आणि आयुष्यभरांत त्यानें सुमारें ६०,००० छायाचित्रें घेतलीं. त्यांत व्यासपीठावरचीं आहेतच. पण प्रवासांत गाडीमध्यें तोंड उघडें टाकून झोंपलेल्या सोबत्यांचींहि आहेत. झोंपलेल्या मनुष्याचें चित्र परक्यानें घेतलें तर तें चोरून घेतल्यासारखें होईल. हिंटनचें तसें होत नाहीं. कारण रात्रभर तोहि तितकाच दमलेला असे, आणि त्यांच्यापैकीं कोणीहि त्याचें चित्र घेऊं शकला असता. दक्षिणेकडील गांवांत काळ्या लोकांसाठीं निराळीं दारें असत, आणि त्यांवर तशा पाट्या असत. त्या पाट्यांखालीं उभ्या असलेल्या आपल्या मित्रांचीं चित्रें हिंटननें घेतलीं आहेत. रात्रीं ज्यांच्या वादनावर गोरे लोक नाचत, त्यांना दिवसा कोणत्या दारानें जावें लागे, हें तीं चित्रें सांगतात. जाणारा क्षण जाऊं द्यावा हा उपदेश येथें मला पटत नाहीं. कांहीं क्षण गेले तर ते घडलेच नाहींत असें म्हणणारे लोक तयार असतात.

मुंबईलाहि या गोष्टीची झळ लागलेली आहे. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला, आणि त्याच्यामागून टेडी वेदरफर्डसारखे इतर आले. त्यांच्या सहवासांत गोव्याचे वादक जॅझ शिकले, हॉटेलांतून वाजवूं लागले, आणि पुढें हिंदी चित्रपटांच्या संगीतांत त्यांची विद्या मुरली. चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांच्या जोडीनें काम करी. १९५१ च्या 'अलबेला'मध्यें तो आपल्या ताफ्यासह पडद्यावरहि दिसतो. पण इतर कितीकांचीं नांवें चित्रपटांच्या नामावलींत कधीं आलींच नाहींत. नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकांत हा इतिहास परिश्रमपूर्वक गोळा केला. त्या काळच्या गोव्याच्या वादकांचीं जीं छायाचित्रें मीं पाहिलीं, तीं बहुतेक सूट घालून रांगेंत बसविलेल्या मंडळींचीं. ज्यांच्यापुढें ते रात्र रात्र वाजवीत होते त्यांच्या खिशांत कॅमेऱ्याचे पैसे नव्हते असें थोडेंच आहे? पण सेवकाचें चित्र कोण घेतो!

१९७८ सालीं निरंजन झवेरी आदि रसिकांच्या उद्योगानें मुंबईंत जॅझ यात्रा सुरू झाली, आणि रंगभवनाच्या उघड्या आवारांत आमच्यासारख्यांना मोठमोठे वादक प्रत्यक्ष दिसूं लागले. आमच्या मंडळाचा रिवाज तेथेंच पडला. एका रात्रीं एकानेंच कॅमेरा धरावयाचा, बाकीच्यांनीं हात मोकळे ठेवावयाचे. ३६ चित्रांची एक गुंडाळी संपली कीं संपलें. ड्रम गरजत असतां किंवा टाळ्या पडत असतां कळ दाबावयाची, संथ गीताला कॅमेरा मांडीवर. चित्रें धुऊन आलीं कीं कोणाच्या तरी घरीं चहाला जमावयाचें. आणि येथें मला वकीलसाहेबांच्या आक्षेपाचें उत्तर अनपेक्षितपणें सांपडलें. छायाचित्र मुकें असतें हें अगदीं खरें. पण तें मुकें असतें म्हणूनच त्यांतले स्वर पाहणाऱ्यांना आपल्या पदरचे घालावे लागतात. हा कोणत्या गीतांतला क्षण? बासवाला हंसतो आहे तो कशाला? एक म्हणतो, ट्रम्पेटवाल्यानें मुद्दाम चुकीच्या जागीं थांबून गंमत केली तेव्हांचा. दुसरा म्हणतो, छे, ती गंमत नंतरची. तास दोन तास असे वाद होतात, कोणी गुणगुणून दाखवितो, आणि एकेकट्याच्या स्मरणांत जें अर्धवट होतें तें चौघांच्या भांडणांत पुष्कळसें भरून येतें. ध्वनिमुद्रण असतें तर वाद एका मिनिटांत मिटला असता, आणि आम्ही लवकर घरीं गेलों असतों.

वकीलसाहेबांनीं यावर मान हालविली, पण खटला सोडला नाहीं. तुम्हां चौघांचा यांत लाभ झाला हें कबूल, ते म्हणाले. पण ज्याचा चेहरा त्या टेबलावर पडला आहे तो या चहाला कोठें होता? हा प्रश्न मला अजूनहि पुरता सुटलेला नाहीं. त्या दिवसापासून प्रत्येक वादकाला त्याच्या चित्राची एक प्रत टपालानें पाठविण्याचें काम आम्हीं त्यांच्याचकडे दिलें, आणि तें त्यांनीं वकिलाच्या काटेकोरपणानें केलें. बऱ्याच जणांचीं पोंचपत्रें आलीं. एका ड्रमवाल्यानें आणखी दोन प्रती मागितल्या, आईसाठीं म्हणून. पांच पाकिटें पत्ता न लागल्यामुळें परत आलीं. तीं न फोडतां वकीलसाहेबांच्या कपाटांत ठेवलेलीं आहेत.