ज्या व्यसनाला हार घालतात



गळ्यात तुळशीची माळ पडते त्या दिवशी काय काय सुटते, हे तुम्हांला सांगायला नको. मद्य सुटते, मांस सुटते, परनिंदा निदान उघड तरी सुटते. माझ्या हातून शेकडो जणांना माळ घातली गेली. प्रत्येकाला मी व्यसनाचे विचारले. पण "बाबा, तुला कामाचे व्यसन आहे का? सगळे बिनचूकच झाले पाहिजे, असा सोस आहे का?" असे एकालाही विचारले नाही. विचारणार कसा? तेच व्यसन मला होते, आणि त्यासाठीच लोक रोज रात्री माझ्या गळ्यात हार घालत होते.

दारुड्याला जागे करणारे पुष्कळ असतात. बायको रडते, पोरे लांब पळतात, गाव हसते. ज्या व्यसनाला गाव शाल-नारळ देते, त्यातून माणसाला उठवायचे कोणी?

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे घोटाळा नको. पेरणीच्या दिवसांत चार वाजता उठून अंधार पडेपर्यंत राबणारा शेतकरी, दोन घरची धुणीभांडी करून पोरांच्या फिया भरणारी बाई, यांना कोणी कामाचे व्यसनी म्हणू नये. त्यांना थांबायला मिळाले तर ती आनंदाने थांबतील. मी बोलतो आहे ते ज्याला थांबता येते पण थांबवत नाही, त्याच्याविषयी. दिंडीत चालता चालता कानाला फोन लावून कचेरी चालवणारे गृहस्थ तुम्ही पाहिले असतील. पंगतीतली एक भाकरीसुद्धा दुसरीला थापू न देणारी आणि मग रात्री कंबर धरून बसणारी माउलीही पाहिली असेल. या माणसांना आपण हसत नाही. आपण म्हणतो, "केवढी निष्ठा!"

दुसऱ्याचे दोष कीर्तनात पुष्कळ सांगून झाले, म्हणून आता माझेच सांगतो. सप्ताहांचे दिवस आले की सकाळी एका गावी काल्याचे कीर्तन आणि रात्री दुसऱ्या गावी सेवा, असे माझे चाले. नारळ आला की 'नाही' हा शब्द तोंडातून निघत नसे. घरी यायचे, मळलेली धोतरे टाकायची, धुतलेली घ्यायची आणि निघायचे. "महाराजांना विश्रांती ठाऊक नाही," असे लोक म्हणत आणि मी मनातून फुलत असे.

त्यात दुसरा सोस बिनचूकपणाचा. पाठांतरात अक्षर हलता कामा नये, टाळ एका हाताने वाजल्यासारखे वाजले पाहिजेत. एका गावी नेहमीचा मृदंगमणी आजारी पडला म्हणून सोळा वर्षांचा एक पोरगा उभा केला होता. चाल बदलली तिथे त्याचा हात मात्राभर मागे पडला. मी हात वर करून टाळ थांबवले आणि त्याच्याकडे नुसते पाहिले. बोललो काहीच नाही. पण मी पाहिले म्हणून सगळ्या मंडपाने पाहिले. पोराने गळ्यातला मृदंग उतरवला, कोणाच्या तरी हातात दिला आणि तो मागच्या मागे निघून गेला. दुसऱ्या दिवशी गावचे प्रमुख मला म्हणाले, "एक मात्रा खपत नाही, याला म्हणतात तपश्चर्या." मला ते पटले, हे जास्त वाईट.

वयाच्या 61व्या वर्षी माझा आवाज बसला. डॉक्टरांनी दीड महिना मौन सांगितले. एका ठिकाणचा काला वर्षानुवर्षे माझ्याकडे होता, तो त्या वर्षी एका तरुण कीर्तनकाराने केला. पुतण्याने येऊन सांगितले की कीर्तन छान झाले, हंडी फुटली, लाह्या सगळ्यांना पुरल्या. आणि माउली, खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटले. ते कीर्तन पडले असते तर मला बरे वाटले असते. सेवा सेवा म्हणून मी जे करत होतो त्याच्या तळाशी काय होते, ते त्या दुपारी मला दिसले.

सेना महाराजांचे चरित्र मी किती वेळा सांगितले असेल! ते पूजेत बसले, राजाचे बोलावणे आले, आणि देवच धोपटी उचलून राजवाड्यात गेला. सांगताना मी चमत्कारावर भर द्यायचो. 'मी नसलो तर अडेल' हा माणसाचा भ्रम देवाने एका धोपटीत गुंडाळून ठेवला, हे माझ्या ध्यानात मौनातच आले.

त्या दिवसांत मी पाटीवर लिहून बोलत असे. एकदा लिहिले, 'भाजीत मीठ कमी.' मंडळी पाटी वाचून हसल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं पुढच्या गावाचा रस्ता बघत जेवत होतात. मीठ आहे का नाही, हे तुम्हांला आज कळलं."

आता तुम्ही म्हणाल, मग आपले नेम काय? एकादशी, हरिपाठ, आषाढी-कार्तिकी, हेही सुटत नाहीतच ना! सुटत नाहीत. पण नेमाला काठ असतो. हरिपाठ संपतो, एकादशीची द्वादशी होते, उपवास सुटतो. पालखी रोज नुसती धावत नाही. वाटेत विसावे असतात, आणि पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन मुक्काम असतात. 2020 साली करोनात तर पायी सोहळाच झाला नाही. माउलींच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या, आणि विठोबा होता तिथेच होता. व्यसनाला मात्र काठ नसतो. ते म्हणते, आणखी एक गाव, आणखी एकदा तपासून बघ.

कोणी पुंडलिकाचे उदाहरण देतात. देव दारी आला तरी त्याने काम सोडले नाही, म्हणून कामच देव. हे मी स्वतः कीर्तनात म्हणालो आहे. पण पुंडलिकाने थांबवले कोणाला, आणि कोणासाठी? आईबापांचे पाय हातात होते म्हणून त्याने देवाला विटेवर थांबवले. मी देवाचे नाव पुढे करून घरच्यांना थांबवत होतो. आणि तो देवही कसा, पाहा. वीट मिळाली तर त्याने घाई केली नाही. कमरेवर हात ठेवून तो उभाच राहिला. ज्याच्याकडे विश्वाचा कारभार, त्याचे हात कमरेवर, आणि माझ्या हातांना क्षणाची उसंत नव्हती.

सवय एका दिवसात जात नाही. मौन संपल्यावर पहिला नारळ परत करताना माझा हात थरथरला. आजही, वयाच्या 74व्या वर्षी, कोणाचा टाळ चुकला की मान वळतेच. ती वळली हे आता मला कळते, एवढेच.

तो पोरगा तीन वर्षांपूर्वी वारीच्या वाटेवर भेटला. आता चाळिशीचा आहे, दुधाचा धंदा करतो. वारकऱ्यांना पाणी देत होता. त्यानेच मला ओळखले आणि पाया पडला. मी विचारले, "मृदंग वाजवतोस का रे?"

"नाही महाराज. हात घाबरतो."

त्याचे गाव माझ्या घरापासून नऊ कोसांवर आहे. मी एस.टी.ने जातो, महिन्यातून एकदा, दशमीला. पहिल्या वेळी क्षमा मागितली तर तो संकोचून आत निघून गेला. आता आम्ही दुधाच्या भावाचे बोलतो, पावसाचे बोलतो. मृदंग माळ्यावर होता. गेल्या महिन्यात पाहिले तर तो खाली काढून कोपऱ्यात ठेवलेला होता. धुळीचा थर तसाच, वाद्या सैल पडलेल्या. मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. निघताना त्याची धाकटी मुलगी त्यावर हात मारून बघत होती आणि तो तिला म्हणत होता, "थांब, आधी कणीक लावावी लागते."

येत्या दशमीला जाणार आहे.